फिलूच्या तळहातावरची खूण

माझी शाळा लहानपणीच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत. मुलांनो, तेवढं सांभाळून घ्या.

एका वाडीत फिलू नावाची पोरकी मुलगी होती. ती कातरीनमावशीकडे राहायची, उरलंसुरलं खायची. तरी आंघोळीच्या पाण्यातून तांब्याभर पाणी वाचवून विहिरीकाठच्या पांढऱ्या चाफ्याला घालायची.

मे महिना होता. वाडीचे लोक रोज संध्याकाळी क्रूसाला हार घालून प्रार्थना म्हणत. एकदा मावशीचा हार आखूड झाला. शेजारच्या आळीतल्या बाया हसल्या, "कातरीन, क्रूसाला हार घातलास की ताईत बांधलास?"

मावशीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने फुलांसाठी चाफ्याची फांदी न फांदी मोडली. हार क्रूसाच्या पायथ्याला टेकला. पण दिवेलागणीला मावशीचे दोन्ही हात वाळक्या काटक्यांसारखे झाले.

फिलू बोडक्या चाफ्यापाशी गेली. मोडलेल्या जागी पांढरा चीक गळत होता. त्या चमचमत्या थेंबातून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचा झगा पांढऱ्याशुभ्र पाकळीचा होता, पण चिमुकले पंख फाटले होते.

परी म्हणाली, "तू मला पाणी दिलंस, एक इच्छा माग. मात्र गेलेलं माणूस परत येणार नाही. आणि झालेली जखम नुसती पुसता येत नाही, ती कुणाला तरी सोसावी लागते."

एकदा तरी आईची हाक ऐकायची, एवढंच फिलूच्या मनात होतं. पण घरातून मावशीचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मावशीचे हात बरे कर," ती म्हणाली. "जखम मला दे."

"तिने तुला कधी पोटभर वाढलं नाही. आणि फांदी तू मोडली नाहीस."

"येशूने तरी कुठे काय मोडलं होतं?"

परी रडली. फिलूची बोटं वाळत गेली. फार दुखलं.

मावशीने आपले बरे झालेले हात पाहिले, नंतर फिलूचे पाहिले. मग भात कालवून तिने फिलूला घास भरवला.

"पोरी, मला माफ कर."

"केलं, मावशी. अजून एक घास दे."

तेवढ्यात चाफ्याच्या खुंटाला हिरवा कोंब फुटला. परी सोनेरी उजेडात विरघळली, आणि त्या उजेडातून आईच्या आवाजात हाक आली, "फिलू." फिलूची बोटं उमलली. तळहातावर मोडल्या फांदीची खूण मात्र राहिली.

गोष्ट काल लिहून झाली. आज सकाळी मी आमच्या क्रूसासाठी फुलं आणायला गेलो. फांदीला हात लावला नाही, खाली पडलेली तेवढी वेचली. हार आखूड झाला. तोच घातला.