घट्ट चेनीची पिशवी

एकदा एक उतावळा तरुण मासे थंड ठेवायची पिशवी विकत घ्यायला निघाला, आणि फसगत होऊ नये म्हणून गुरूंनाही बरोबर घेऊन गेला. गुरू म्हणजे मठातले, भगव्या कफनीतले नव्हेत हं! समुद्रकाठच्या खडकावर बसून गरीने मासे धरणारे एक वृद्ध गृहस्थ. सारा गाव त्यांना आबा म्हणे. तरुणाचे नाव नीळकंठ. गरीला कोळंबी कशी टोचावी, दोर केव्हा ओढावा आणि केव्हा हात आवरून बसावे, हे तो आबांकडून शिकत होता. पहिल्या दोन गोष्टी त्याला चांगल्या जमत. तिसरीच्या नावाने मात्र शंख होता.

पिशवीची एवढी निकड का पडली? नीळकंठची धाकटी बहीण अनसूया, घरातली अनू, घाटावरच्या एका गावात दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, आणि पोरीला डोहाळे लागले ते थेट समुद्राचे! "दादा, मला आपल्या खडकावरची तांबोशी हवी रे," ती फोनवर म्हणाली. "कोकम आणि तिरफळं घालून. बाकी काही नको. इथले तळ्यातले मासे खाऊन जीव विटला." पोटुशी बहीण माहेरचा मासा मागते म्हटल्यावर कुठला भाऊ स्वस्थ बसेल?

महिन्यापूर्वी तो एकदा तांबोशी घेऊन गेलाही होता. थर्माकोलच्या खोक्यात, खाली-वर बर्फ घालून. पण घाट चढून अनूच्या दारात खोका उघडला तर काय, बर्फाचे कोमट पाणी झालेले आणि मासा बोटाखाली लोण्यासारखा दबतोय. अनूच्या सासूबाई भल्या बाई, त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी पदर नाकाशी नेला तो नीळकंठने पाहिला. "असू दे, मी करते त्याचं," म्हणत अनूने खोका आत नेला. घरी परतल्यावर याचे फोनवर फोन. "खाल्लीस ना? कशी होती? खरं सांग, आवडली ना?" दर वेळी ती एवढेच म्हणे, "छान होती." नीळकंठच्या मनाला ते पटत नसे, आणि म्हणून तो पुन्हा विचारी.

आता पावसाळा तोंडावर आला होता. समुद्र एकदा खवळला की खडकावर पाय ठेवायची सोय नाही, आणि तो निवळेपर्यंत अनूचे बाळ पाळण्यात येणार. डोहाळे काही बाळंतपणानंतर पुरवायचे नसतात. संधी काय ती एवढीच उरली होती.

"खोक्याने दगा दिला, आबा," नीळकंठ बाजाराच्या वाटेवर सारखा सांगत होता. "या वेळी जाडजूड पिशवी घ्यायची. सगळ्यात भारी!"

तालुक्याच्या बाजारात गरी, दोर, जाळी विकणारा एक व्यापारी होता. त्याने नीळकंठकडे एक नजर टाकली आणि गिऱ्हाईक ओळखले. खालच्या पिशव्यांना हातही न लावता त्याने वरच्या फळीवरची निळी पिशवी उतरवली. आत बोटभर जाडीचा फोम, चंदेरी अस्तर, खाली चाके! झाकणाला वरून आणखी एक छोटी झडप.

"पूर्ण उघडायची गरजच नाही, दादा," व्यापारी म्हणाला. "झडप वर केली की आतला माल दिसतो. बघितलं, की बंद. एका बोटाचं काम!"

नीळकंठने झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्याचे डोळे लकाकले. "आबा, हीच! हिच्यासारखी दुसरी नाही!"

आबांनी फोम दाबून पाहिला नाही, अस्तरावरून हात फिरवला नाही. त्यांनी व्यापाऱ्याला एवढेच विचारले, "ही उघडायला किती त्रास पडतो?"

"त्रास? छे हो आजोबा! लहान मूलसुद्धा उघडेल."

"मग नको," आबा म्हणाले.

व्यापाऱ्याने दुसरी काढली. ही तर चिकटपट्टीची, नुसती ओढली की फर्रकन उघडणारी. आबांनी तोच प्रश्न विचारला आणि तीही बाजूला ठेवली. तिसरीची चेन लोण्यातून सुरी जावी तशी सरकत होती; तिचेही तेच झाले. नीळकंठची चुळबुळ सुरू झाली. व्यापारी घाम पुसू लागला. शेवटी आबांची नजर कोपऱ्यातल्या एका करड्या, बुटक्या पिशवीवर गेली.

"ती कशी आहे?"

"ती सोडा हो, आजोबा," व्यापारी ओशाळून म्हणाला. "पिशवी चांगली आहे, पण चेन रबरी आणि भलती घट्ट. पिशवी खाली ठेवा, गुडघ्याने दाबा, दोन्ही हातांनी ओढा, तेव्हा कुठे उघडते. लोक शिव्या घालून परत आणून देतात."

आबांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्याने दाबली, दोन्ही हातांनी चेन ओढली. त्यांना धाप लागली. मग लहान मुलाला खेळणे मिळावे तसे ते हसले. "हीच द्या!"

नीळकंठ रस्त्यावर येताच फुटला. "आबा, ही काय थट्टा? बहिणीच्या डोहाळ्यांचा प्रश्न आहे, आणि तुम्ही लोकांनी टाकून दिलेली पिशवी गळ्यात मारता?"

"उद्या तू अनूकडे जातोस ना? मी पण येतो," आबा म्हणाले. "पोरीला पाहून खूप दिवस झाले. वाटेत बोलू. आधी मासा तर गावू दे."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच दोघे खडकावर गेले. भरती लागली होती. नीळकंठने जिवंत कोळंबी टोचून गरी फेकली आणि मनात सगळ्या देवांना नवस बोलून टाकले. पहिल्या झटक्याला त्याने घाई केली आणि कोळंबी गमावली. दुसऱ्या वेळी दोर थरथरला तेव्हा आबा हळूच म्हणाले, "थांब. गिळू दे तिला." नीळकंठने दात आवळले. आणि मग दोर असा काही ताणला गेला की बोटे कापतील! "आबा! आबा! मोठी आहे!" "ओरडू नकोस, ओढ!" दोर सैल सोड, पुन्हा ओढ, पाय घसरताहेत, लाटेचे पाणी छातीपर्यंत उडतेय, आणि एका लाटेबरोबर ती खडकावर आली. हातभर लांब, कुंकवासारखी लाल, शेपटी आपटणारी तांबोशी! एवढी मोठी नीळकंठने जन्मात धरली नव्हती. तो खडकावरच नाचू लागला. आबांनी त्याला नाचू दिले आणि तोवर मासा तिथल्या तिथे साफ केला, समुद्राच्या पाण्याने धुतला, घरून आणलेल्या बर्फाचा जाड थर घालून पिशवीत निजवला, वरून पुन्हा बर्फ पसरला आणि गुडघा रोवून चेन ओढून घेतली.

आता त्या गावाची एक रीत आहे. किनाऱ्यावरून कोणी मासे घेऊन आला की वाटेत भेटेल तो विचारतो, "काय गावलं?" आणि नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते. न दाखवणारा माणूस कद्रू समजला जातो. पहिल्याच वळणावर हाक आली, "काय गावलं रे, नीळू?" नीळकंठचा हात शिवशिवला. पिशवी खाली ठेवायची, गुडघा टेकायचा, दोन्ही हात लावायचे... तोवर आबा पुढच्या वळणावर पोचलेले. "एसटी चुकेल रे!" ते ओरडले. बिचारा "तांबोशी! एवढी!" असे हाताने दाखवत पळत सुटला. प्रत्येक दारात तेच. जन्मातली सगळ्यात मोठी तांबोशी, आणि गावातल्या एकाही माणसाने ती पाहिली नाही! त्याला रडू यायचे बाकी राहिले होते.

एसटी सुटली. ऊन चढले. आता नीळकंठच्या जिवाला वेगळाच घोर लागला. बर्फ असेल ना? पिशवी बाहेरून कोरडी आहे, हे चांगले की वाईट? चेन घट्ट आहे, पण फोम? ती निळी पिशवी घेतली असती तर एव्हाना झडपेतून पाहून मोकळे झालो असतो! तो पिशवीला कान लावी, मग हाताने चाचपी. शेजारच्या बाई पदराआड हसत होत्या. घाटाच्या मध्यावर एसटी चहाला थांबली तसा तो पिशवी घेऊन खाली उतरला, झाडाखाली बसला, पिशवीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी चेन धरली.

आबांनी मागून येऊन त्याच्या हातांवर आपला हात ठेवला.

"बर्फ आहे की नाही, तेवढंच बघतो, आबा."

"असला तर?"

"तर माझा जीव भांड्यात पडेल."

"आणि नसला तर? इथे घाटात नवा बर्फ आणशील कुठून?"

नीळकंठने दरीकडे पाहिले, मग पिशवीकडे.

"म्हणजे बर्फ असला तरी तू काही करणार नाहीस, नसला तरी काही करणार नाहीस," आबा म्हणाले. "नुसता बघणार. आणि तुझ्या बघण्याची किंमत मात्र तो बर्फ देणार." ते त्याच्या शेजारी मातीतच बसले. "बाळा, मागच्या वेळी खोक्याने दगा दिला नाही. किनाऱ्यापासून स्टँडपर्यंत सगळ्या गावाने तुझी तांबोशी पाहिली. न पाहिलेला एक माणूस शोधून दाखव! आणि एसटीत बसल्यावर कोण उघडत होतं?"

"मीच," नीळकंठ खाली मान घालून म्हणाला. "काळजी वाटायची म्हणून."

"तेच तर! लोकांना दाखवायला उघडतो तो मिरवण्याचा सोस. तो एक दिवस सुटतो. पण काळजीने उघडतो ना, तेव्हा माणसाला वाटतं आपण राखण करतोय. ही पिशवी थंडावा तयार करत नाही, आपण घातलेला तेवढा धरून ठेवते. जाड भिंत बाजारात मिळते रे, पण एकदा नीट मिटलेलं पुन्हा उघडून बघू नये, एवढा धीर कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो तुझ्यापाशी अजून नाही, म्हणून मी तुझ्यासाठी घट्ट चेन घेतली. तो आला, की कुठलीही पिशवी घे. चालेल."

नीळकंठने चेनीवरचे हात काढले. पुढचा घाट त्याने कसा काढला ते त्याचे त्यालाच ठाऊक. पिशवी पायांत धरून, डोळे मिटून तो बसला, आणि उघडून पाहावेसे वाटले की खिडकीचा गज आवळी.

अनू दारातच उभी होती. "आणलीस?" तिने विचारले आणि आबांना पाहून तर तिला काय करू नि काय नको असे झाले. पिशवी जमिनीवर ठेवली. नीळकंठने गुडघ्याने दाबून धरली आणि भावा-बहिणीने मिळून चेन ओढली. आतून गार वाफेचा झोत दोघांच्या तोंडावर आला. बर्फाचे खडे एकमेकांवर खळखळले. अनूने हात घातला आणि किंचाळली, "अगं बाई! बोटं गोठली माझी!" तांबोशी बाहेर आली ती ताठ, लाल, पाणीदार डोळ्यांची. सासूबाईंनी पुढे होऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "याला तर काहीच वास नाही!" अनू टाळ्या वाजवून हसू लागली. आबाही हसले. नीळकंठ तर हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसला!

कालवण झाले. कोकम-तिरफळांचा वास घरभर सुटला. अनू पाटावर बसली, पहिला घास घेतला, आणि नीळकंठच्या जिभेवर शब्द येऊन उभे राहिले. कसं झालंय? आवडलं ना? खरं सांग! आबा समोरच जेवत होते, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नीळकंठने तोंड उघडले, आणि त्यात भाताचा घास घातला. अनू खात राहिली. तिने वाटी संपवली, पुन्हा वाढून घेतली, काटे चोखले. तोही गप्प जेवत राहिला.

बऱ्याच वेळाने ती मान वर न करता म्हणाली, "दादा, मागच्या वेळची तांबोशी मी खाल्ली नव्हती रे. तोंडातच घालवेना. तू सारखा विचारायचास, म्हणून 'छान होती' म्हणत राहिले." मग तिने वर पाहिले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "आज मात्र आईच्या हातच्या चवीची आठवण आली. बाळसुद्धा बघ कसं शांत झालंय."

नीळकंठने आपल्या ताटातली तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली.

आपल्या घरात कोणी परीक्षेला बसले असेल, तर अभ्यास चाललाय ना हे बघायला त्याच्या खोलीचे दार आज एकदा कमी उघडा.