धूलिकणाला न आलेलं उत्तर

आपला सूर्य जन्मायच्या कितीतरी आधी, ताऱ्यांमधल्या एका गार, काळोख्या ढगात धुळीचा एक कण राहत होता. हायड्रोजनचे एकटे अणू त्याच्या अंगावर टेकायचे आणि जाताना दोघं मिळून एक रेणू होऊन जायचे. मधे काय घडतं ते कणाला कधीच कळलं नव्हतं. पण शेजारचे कण मान देऊ लागले, तसा तो म्हणू लागला, "जोड्या मी जुळवतो."

एकदा एक दमलेला अणू त्याच्यावर उतरला. "दादा, मला जोडीदार कसा मिळेल?"

माहीत नाही म्हणायला कणाला कमीपणा वाटला. "एका जागी बसून राहा. बाकीचं मी बघतो."

अणू विश्वासानं बसून राहिला. पलीकडच्या बाजूला दुसरा अणू आला, खूप भटकला, कुणी भेटेना म्हणून निघून गेला. मग ढग विरळ झाला, एका ताऱ्याचा प्रखर प्रकाश आत शिरला आणि बसलेला अणू त्या धक्क्यानं उडाला.

"दादा, माझं काय चुकलं?" जाता जाता त्यानं विचारलं.

कणाला तोंड वर करवेना.

पुढे त्याच्या अंगावर एक मोठा रेणू तयार झाला. कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, सगळे त्यात गुंफलेले होते. "मी कसा झालो?" त्यानं विचारलं. शेजारी कान देऊन ऐकू लागले.

"मला माहीत नाही," कण खालमानेनं म्हणाला. "पूर्वीही नव्हतं."

मग शेजारचा एक कण हळूच म्हणाला, "मलाही नाही."