एकोणीस पानं

“मग बाग माझ्याकडे सोपवणार की नाही, ते आज सांगाच.”

भार्गवबाबा वाफ्यातलं तण उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिगंबरला हा गप्पपणा नवा नव्हता. कातळसड्यावरच्या, उघड्या खडकाळ माळावरच्या, या मठात सहा वर्षं त्यानं तो सोसला होता. बाबा थकले होते. दुर्मीळ झाडांची त्यांची बाग आता कुणाच्या तरी हाती जायचीच होती. आणि आज दिगंबरच्या काखेत वही होती.

“रानातल्या आणि सड्यावरच्या त्या दोन झुडपांचं कोडं सुटलं, बाबा. कूळ एक, फूल एक, फरक फक्त पानात. रानातल्या सावलीतलं पान रुंद, पातळ. थोडक्या उजेडावर त्याचं भागतं. सड्यावरचं जाड. आत हिरव्या पेशींच्या तीन रांगा. कडक ऊन खालच्या रांगेपर्यंत उतरतं, तिथंही अन्न तयार होतं.”

“कसं कळलं?”

“ब्लेडनं काप घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली मोजले.”

“किती पानांचे?”

“दोन्हींच्या सगळ्या पानांचे. अर्धवट काम मला जमत नाही.”

बाबांचा हात थांबला.

“रानातल्याला बाराव्या दिवशी पालवी आली,” दिगंबर घाईनं म्हणाला. “सख्खी भावंडं ती. हेही फुटेल.”

“किती दिवस झाले?”

“… सत्तर.”

बाबा उठले. कुंपणाशी, कातळाच्या खोबणीत, नुसत्या काड्या उभ्या होत्या. सड्यावर त्या जातीचं तेवढं एकच झुडूप उरलं होतं. बाबांनी नखानं साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं.

“याला एक पान करायला अख्खा पावसाळा लागायचा. एकोणीस होती.”

“मग तेव्हाच सांगायचं होतंत!”

“अडीच महिने तापानं पडलो होतो, आज कुठं उठलोय. उशाशी तूच बसायचास, काढा घेऊन…”

दिगंबरनं काखेतली वही पुढे केली.

“पण बाबा, ते सगळं इथं उतरलंय. जाडी, शिरा, रांगा. एकही पान सुटलेलं नाही.”

बाबांनी वही घेतली. एकेक चित्र सावकाश पाहिलं. चित्रं सुरेखच होती.

बाबा काड्यांपाशी वाकले. वही उघडीच कातळावर ठेवली. वाऱ्यानं मिटू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला. मग कोपऱ्यातली झारी आणून दिगंबरच्या हातात दिली आणि वहीकडे बोट दाखवलं.

“घे बाग. हिला रोज पाणी घालत जा… ऊन इथं भरपूर आहे.”