पान बघून वाढलेलं कारलं

“बुवा, यातलं सगळ्यांत कडू कोणतं, तेवढं सांगा.”

त्र्यंबकराव सोवनींनी मठाच्या ओसरीवर कारल्याच्या बियांची पाकिटं ओळीनं मांडली होती. लांब हिरवं, पांढरं, बुटकं काटेरी आणि एक नवं संकरित वाण. त्या नव्या पाकिटावर ‘कडवटपणा कमी’ असं छापलेलं होतं, म्हणून ते त्यांनी जरा लांबच सरकवून ठेवलं होतं. कडू नाही ते कारलं कसलं, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांची मतं सहसा बदलत नसत.

आयुष्यभर स्टेशनमास्तर होते. अच्युतबुवांचा अनुग्रह घेऊनही बरीच वर्षं झाली होती. पण बुवांना काही विचारतानासुद्धा हाताखालच्या माणसाला जाब विचारावा तसा त्यांचा सूर लागे. बुवांना त्याची सवय झाली होती.

बुवा वेलाच्या मांडवासाठी आणलेल्या सुतळीचा गुंता सोडवत बसले होते.

“कडूच कशाला हवं?”

“रेवती येतेय.”

बुवांचे हात थांबले. रेवती त्र्यंबकरावांची एकुलती एक मुलगी. बापाच्या घराचा उंबरा तिनं कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. आई गेली तेव्हा परस्पर स्मशानात आली आणि तिथूनच परत गेली.

“भाद्रपदात आमच्या हिचं वर्षश्राद्ध. फोनवर म्हणाली, येईन, आईच्या फोटोला नमस्कार करीन… पण जेवायला थांबणार नाही.”

एवढं बोलून म्हातारा खाकरला. मग सूर पुन्हा नेहमीचा झाला.

“म्हणून म्हटलं, परसात वेल लावावा. श्राद्धाला कारलं लागतंच. घरचं ताजं कारलं पानात दिसलं की थांबेल. जीव होता तिचा कारल्यावर.”

“तिनं सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? या डोळ्यांनी बघितलंय की! एवढीशी होती तेव्हापासून. पानावर बसली की आधी कारलं संपवायची. पोळी नंतर, वरणभात नंतर. आणि तिचं संपलं रे संपलं की मी पुन्हा वाढायचो.”

“विचारून?”

“छे, छे! आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. पान बघून वाढायचं. आणि पानात टाकायचं नाही. मग तो कुणी का असेना.”

“हं…”

बुवांनी सुतळी बाजूला ठेवली. “चल, पानं घेतलीत. जेवून घे.”

“पण बुवा, वाणाचं काय ते…”

“जेवताना बघू.”

ओसरीवरच पलीकडे पत्रावळी मांडल्या होत्या. बुवा स्वतः वाढायला उभे राहिले. वरणभात, पोळी, गव्हाची खीर आणि डाव्या अंगाला कारल्याची भाजी. मठाच्याच वेलावरची, बुटकी काटेरी. मीठ लावून पिळलेली नाही, गुळाचा खडा नाही, चिंच नाही.

त्र्यंबकरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या कानशिलापर्यंत कळ गेली.

आता खरं सांगायचं तर घरी त्यांच्या पानात कारलं कधी पडतच नसे. पित्ताचा त्रास. बायको भाजी पिळायला लागली की ‘पिळलंस की गुण गेला’ म्हणून ओरडायला मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात हजर असत. शिस्त घरातल्या सगळ्यांना होती, पित्त तेवढं त्यांना एकट्यांना.

पण इथं गुरूच्या हातचं, त्यातून मठाचा प्रसाद. टाकायचा कसा? खिरीकडे डोळे लावून त्यांनी मनाशी ठरवलं, एकदाची ही ब्याद संपवावी, म्हणजे पुढचं जेवण तरी नीट जाईल. घास न चावता गिळला. वर पाणी प्यायले. पुन्हा गिळला. भाजी संपली.

बुवा पुढ्यात उभेच होते.

“आवडलेली दिसते.”

पळीभर भाजी पानात पडली.

त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण त्यांच्या जन्मात पानावर बसून कुणी नाही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि तो शब्द कसा म्हणायचा हेच त्यांना सुचेना. मुकाट्यानं गिळायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, तोंडाची पार वाट लागली. दुसरी वाढही संपली.

“वा!” बुवा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वाढलं.

त्र्यंबकरावांचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला… आणि भांड्यावरच राहिला.

रेवतीचं भांडं असंच डाव्या हाताशी असायचं. एक घास, एक घोट. एक घास, एक घोट. मान खाली, डोळे मिटलेले. त्यांना वाटायचं, पोर काय मिटक्या मारत जेवतेय.

पानातल्या खिरीवर साय धरली.

स्थळही त्यांनीच आणलं होतं. तिनं ‘हो’ म्हणायला पळभरसुद्धा वेळ लावला नाही, तेव्हा पोरीला मुलगा फारच पसंत पडला म्हणून ते गावभर सांगत सुटले होते. वर्ष सरायच्या आत ती बॅग घेऊन परत आली. कपाळाला टाके होते. ‘आपल्या घरात संसार टाकून यायची पद्धत नाही’ असं म्हणून त्यांनी तिला स्वतः गाडीत बसवून दिलं होतं. स्वतःच्या हातानं हिरवा बावटा दाखवला होता. खिडकीतून ती नुसती बघत राहिली, एका शब्दानं बोलली नाही. बोलली नाही म्हणून त्यांना वाटलं, पोरीला पटलं. त्या घरातून ती पुढं सुटली ती आपली आपण. नोकरी धरली, एकटी राहिली, आणि बापाकडे म्हणून फिरकली नाही.

“बुवा…”

बुवांनी भाजीची पळी भांड्यात ठेवली.

“बुवा, तिला आवडत नव्हतं हो.”

ओसरीवर वारा आला. पाकिटं फडफडली, त्यातलं एक उडून अंगणात पडलं. ते उचलायला कुणी उठलं नाही.

“ती आधी संपवायची, ती सुटका व्हावी म्हणून… आणि मी…” त्यांना पुढं बोलवेना. म्हातारा माणूस भरल्या पानावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. पाठीवरून हात फिरवावा असं बुवांच्या मनात आलं असेल, पण ते होते तिथंच उभे राहिले.

रडणं ओसरलं. उपरण्यानं तोंड पुसून त्र्यंबकरावांनी पानातली भाजी पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा सूर खाली आला.

“भाद्रपदात येईल ती. आता तिच्यासाठी काय लावू, बुवा? यातलं कोणतं? का कारलं नकोच? काकडी लावू? पडवळ लावू? ती थांबेल असं काहीतरी सांगा…”

बुवांनी खिरीचं पातेलं उचललं. पळी भरली. पानावर आणली, आणि तिथंच धरून ठेवली.

त्र्यंबकराव वाट पाहत राहिले. पळी कलंडेना.

“वाढू का?”