धवलसेनाने लावलेली झडप

एका राज्यात वर्षाचे सात महिने बर्फ पडे. तिथला राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्याच्या दालनादालनांत भिंतीतच अग्निकुंडे कोरलेली होती. प्रत्येक कुंडावर उंच धुराडे, आणि धुराड्याच्या गळ्यात त्याची वाट उघडमीट करणारी एक लोखंडी झडप.

त्या राज्याचा राजा धवलसेन तरुण होता. आईबाप निवर्तले होते. मागे उरली होती एक धाकटी बहीण, कुंदमाला. राजवाड्याची कुंडे सांभाळी येसाई नावाची वृद्धा. धवलसेन पाळण्यात होता तेव्हापासून ती हे काम करीत होती.

हिवाळा तोंडावर आला असता एके दिवशी दुपारी कुंदमालेला हुडहुडी भरली. राजा तिच्या महाली आला. कुंडात लाल निखारे होते, तरी पोरीचे दात वाजत होते. राजा म्हणाला, सारी ऊब धुराड्यातून आभाळात चालली आहे, झडप लावून टाक. येसाई कालची राख झाकणाच्या लोखंडी घमेल्यात भरत होती. ती थांबली.

"निखारे जिवंत आहेत, महाराज. राख हाताला गार लागेपर्यंत झडप लावू नये. निखाऱ्याच्या श्वासाला वास नसतो, पण तो माणसाला निजवतो."

एवढे बोलून ती राख टाकायला अंगणात गेली. म्हातारीची भीती, असे राजा मनाशी म्हणाला. त्याने हात वर केला आणि झडप ओढून घेतली. खिडकीची फटही कापडाने बुजवली. कुंदमाला हसली, आता बरे वाटते म्हणाली. राजा कामाला निघून गेला.

दिवेलागणीला दासी हाका मारू लागल्या, तेव्हा कुंदमाला उठेना. गाल गुलाबी होते, श्वास चालत होता, पण डोळे उघडत नव्हते. वैद्याने खिडक्या उघडल्या, झडप उघडायला लावली, मात्रा उगाळून चाटवल्या. काही केल्या निद्रा भंगली नाही.

सभा भरली. झडप कोणी लावली, असे प्रधान धर्मकेतूने विचारले. सगळ्यांच्या नजरा वळल्या, कोणाकोणाकडे फिरल्या आणि राजाकडे येऊ लागल्या. तेव्हा धवलसेनाने स्वतःचाच आवाज ऐकला.

"येसाई, झडप तूच लावलीस ना?"

येसाईने त्याच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तिने वाडा सोडावा, पुन्हा अग्नीला हात लावू नये आणि कोणी तिला विस्तव देऊ नये, अशी शिक्षा ठरली. राजाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी येसाई काठी टेकत खिंडीपलीकडे गेली. तिला निरोप द्यायला राजा बाहेर आला नाही.

त्याच दिवशी राजवाड्यातल्या साऱ्या झडपा आपोआप मिटल्या. दहा दहा माणसे लोंबकळली, तरी एक हलेना. कुंड पेटवावे तर धूर खाली उतरे, दालनभर फिरे आणि राजा असेल तिथे जाऊन त्याच्या पायांशी बसे. लोक खोकत. राजाला शाप लागला म्हणून ते हळहळत. त्यांची हळहळ राजाला धुराहून जास्त झोंबे. बहिणीच्या उशाशी तो रोज जाई, पण तिच्या कपाळावर ठेवायला त्याचा हात उचलत नसे.

महिना उलटला. धुराड्याच्या तोंडाशी घरटे करून राहणारी एक पाकोळी पक्षीण खिडकीत येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने बोलली.

"राजा, ही धुराडी कपिलधूम मांत्रिकाने बांधली. त्यांच्यासमोर खोटे बोलले गेले आहे. कोण बोलले ते मला ठाऊक आहे. मांत्रिकाला जाऊन भेट."

कपिलधूम डोंगरमाथ्यावर धुराच्या आसनावर बसला होता. त्याने राजाला काय झाले ते विचारलेच नाही. तीन कामे सांगितली. वाजते लाकूड आण. धुराडे स्वतःच्या हाताने साफ कर. मग झडप उघड.

"झडप कशाने उघडेल?" राजाने विचारले.

"ज्या वाटेने मिटली त्याच वाटेने," मांत्रिक म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

राजा जंगलात गेला. पहिल्या दिवशी त्याने झाड तोडले आणि ओंडका मांत्रिकाच्या शेकोटीत घातला. ओंडका फसफसला, टोकांतून पाणी गाळू लागला, धुपत राहिला. तेव्हा पाकोळीने त्याला एक डोंगरउतार दाखवला. त्या उतारावर एका दिवसात एक उन्हाळा सरे. राजाने लाकडे फोडली, वारा खेळेल अशी मोकळी रचली, वरून तेवढे गवताने झाकले आणि शेजारी बसून राहिला. दोन दिवस बसला. लाकडांना टोकाशी भेगा पडल्या, एकमेकांवर ठोकली तर खणखणू लागली. राजाच्या दाढीत दोन वर्षांचे केस वाढले होते.

मोळी पाठीवर घेऊन तो परतला. कमरेला दोर बांधून, हाती काथ्याचा कुंचा आणि खरवडणे घेऊन तो छपरावरून सभेच्या धुराड्यात उतरला. आत चिकट काजळीचे थर होते. ठिणगी उडाली असती तर अख्खे धुराडे पेटले असते. येसाई दर वर्षी हिवाळ्याआधी ते खरवडून घेई. या खेपेला पाळी येण्याआधीच राजाने तिला घालवले होते.

ती काजळी बोलत होती. कुंडासमोर उच्चारलेला शब्द न् शब्द तिने धरून ठेवला होता. येसाईचा कुंचा न पोचलेल्या सांदीतला एक जुना पापुद्रा निघाला आणि बाबांचे हसणे ऐकू आले. दुसरा निघाला, कुंदमालेचे बोबडे बोल आले. खाली उतरून सगळ्यात ताजा थर खरवडला, तेव्हा आतून राजाचाच आवाज आला: येसाई, झडप तूच लावलीस ना. त्याने कुंचा जोरात फिरवला. आवाज पुन्हा आला. दोरावर लोंबकळत, काळ्या तोंडाने, राजा तिथेच रडला. वर छपरावर दासदासी काजळीची घमेली दोराने ओढून घेत होते. काजळी निघते आहे एवढेच त्यांना कळत होते.

तिसऱ्या कामासाठी त्याने सभागृह रिकामे करवले. कुंडात डोके घालून तो कुजबुजला, झडप मी लावली होती. झडप बोटभर सरकली आणि थांबली. त्याने शंभरदा सांगितले. ती तसूभरही पुढे गेली नाही. जे खोटे सगळ्यांनी ऐकले, ते एकट्याने फिटणार नव्हते. हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. नुसते टळावे असे वाटत होते.

तो पायी खिंडीपलीकडे गेला. येसाई एका गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसली होती. शेजारणी गार भाकरी आणून देत. विस्तव कोणी देत नसे. तिची बोटे थंडीने सुजली होती.

राजा उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला.

"तू सभेत बोलली का नाहीस?"

"मी आधीच बोलले होते, महाराज. तेव्हा ऐकायला आपणच होतात."

राजाने मान खाली घातली. चल म्हणायची त्याला छाती होईना. ते येसाईनेच म्हटले, पोर निजली आहे म्हणून. राजाने तिला पाठीवर घेतले आणि बर्फातून आणले.

सभा पुन्हा भरली. प्रधान, वैद्य, दासी, पहारेकरी, सगळे होते. राजा कुंडासमोर उभा राहिला.

"झडप मी लावली. येसाईने अडवले होते. मी खोटे बोललो, आणि शिक्षा तिने भोगली."

धर्मकेतूने नजर फिरवली. ते राजाला सर्वांत जड गेले. तेवढ्यात वर लोखंड करकरले, आणि वाड्यातल्या साऱ्या झडपा एकामागून एक उघडल्या.

येसाई पुढे झाली. तिने आधी खिडकी बोटभर उघडली. चिपाडाची एक चूड पेटवून धुराड्यात उंच धरली, गळा तापला, ज्वाळा वर ओढली गेली. मग काटक्या, मग राजाने आणलेली वाजती लाकडे. धूर सरळ वर गेला.

वरच्या महालात कुंदमाला जागी झाली आणि तिने पाणी मागितले. राजाने तिलाही सारे सांगितले. ती बारा दिवस त्याच्याशी बोलली नाही. तेराव्या दिवशी तिने त्याला जेवायला हाक मारली.

येसाईची शिक्षा गावोगाव दवंडी पिटून रद्द झाली. दवंडीत राजाचा अपराध नाव घेऊन सांगितला गेला. तिला वाड्यात दालन देऊ केले, ते तिने नाकारले. गावात घर मागितले, त्यात एक कुंड मागितले. क्षमा केली का, असे राजाने एकदा विचारले. ती म्हणाली, अजून नाही. राजाने पुन्हा विचारले नाही. दर हिवाळ्याआधी तो तिच्या छपरावर चढे आणि धुराडे साफ करून देई, आणि रस्त्याने काळ्या तोंडाने परत येई.

त्या राज्यात धूर पुन्हा वर जाऊ लागला. सांगणाऱ्याने सांगितले, ऐकणाऱ्याने ऐकले. दोघांच्याही घरी ऊब नांदो.