उष्टी सुशी कुणाची?

एक होती बेडकी. एवढीशी. तिचं नाव डुबी.

एकदा डुबी आईबरोबर जपानी हॉटेलात गेली. तिथे टेबलांजवळून एक पट्टा फिरायचा. सर्र सर्र, सर्र सर्र. पट्ट्यावर बशा. बशीत सुशी. सुशी म्हणजे भाताची इवलीशी वडी, वर काहीतरी छान ठेवलेलं. आवडेल ती बशी उचलायची नि खायची.

"मला अंड्याची हवी," डुबी म्हणाली.

"येईल हं फिरत फिरत," आई म्हणाली.

पण अंड्याची काही येईना. डुबीला धीर धरवेना. आई पेल्यात पाणी ओतत होती. डुबीनं हिरव्या चटणीची सुशी उचलली. घास घेतला.

नाकात झिणझिण. डोळ्यांत पाणी. तिखट, तिखट, तिखट.

तिनं अर्धी सुशी गुपचूप पट्ट्यावर परत ठेवली. बशी निघाली. सर्र सर्र.

पलीकडे बसले होते कासवआजोबा. त्यांनी नेमकी तीच बशी उचलली. सुशी अर्धीच बघून ती परत ठेवायला लागले. शेजारच्या बदकीणकाकू म्हणाल्या, "अहो आजोबा, उष्टं करून परत ठेवता होय?"

सगळे बघायला लागले. आजोबा बिचारे लाजले. मान आत ओढून बसले.

पट्टा थांबला. खट्ट.

अंड्याची सुशी येतच होती. तीही थांबली लांब तिकडे.

डुबीला कसंतरीच झालं. पण भूकही लागली होती. ती पट्ट्याकडे गेली. टुणुक टुणुक.

"पट्ट्या पट्ट्या, फिर ना.
माझी सुशी येईना."

पट्टा म्हणाला, "माकडदादा कळ दाबेल, तर मी फिरेन."

डुबी गेली माकडदादाकडे. टुणुक टुणुक.

"माकडदादा, कळ दाब ना.
पट्टा फिरेना,
माझी सुशी येईना."

माकडदादा म्हणाला, "मनीमावशी भात वळेल, तर मी कळ दाबेन."

डुबी गेली मनीमावशीकडे. टुणुक टुणुक. मनीमावशी तिथली आचारीण.

"मनीमावशी, भात वळ ना.
माकडदादा कळ दाबेना,
पट्टा फिरेना,
माझी सुशी येईना."

मनीमावशी म्हणाली, "आजोबा लाजून बसलेत गं. माझा हातच चालत नाही. कासवआजोबा मान काढतील, तर मी भात वळेन."

आजोबांकडे जायचं? डुबीचे पाय उचलेनात. टुणुक... मग थांबली. मग पुन्हा टुणुक.

"कासवआजोबा, मान काढा ना.
मनीमावशी भात वळेना,
माकडदादा कळ दाबेना,
पट्टा फिरेना,
माझी सुशी येईना."

आजोबा आतूनच म्हणाले, "सगळ्यांना वाटतं, उष्टं मी केलं. मला लाज वाटते गं बाळ. ज्यानं केलं तो बोलेल, तर मी मान काढेन."

डुबीचं तोंड एवढंसं झालं. ती आईकडे गेली. या वेळी टुणुक नाही. नुसतीच सरकत सरकत. आईच्या पदरात तोंड लपवलं.

"आई, तू सांग ना.
उष्टं करणारा बोलेना,
कासवआजोबा मान काढेनात,
मनीमावशी भात वळेना,
माकडदादा कळ दाबेना,
पट्टा फिरेना,
माझी सुशी येईना."

आईनं विचारलं, "उष्टं कुणी केलं, डुबी?"

"मी."

"मग तूच सांगायचं. मी शेजारी उभी राहते."

दोघी आजोबांपाशी गेल्या. डुबी म्हणाली, "उष्टं मी केलं." इतकं हळू, की कुणाला ऐकूच आलं नाही.

आईनं तिचा हात धरला. डुबी मोठ्यानं म्हणाली, "उष्टं मी केलं. आजोबांनी नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. डुबीला वाटलं, टेबलाखाली लपावं. पण ती उभी राहिली.

हळूच आजोबांनी मान काढली.
आजोबांनी मान काढली, मनीमावशीनं भात वळला. थप थप.
मनीमावशीनं भात वळला, माकडदादानं कळ दाबली. टक्.
माकडदादानं कळ दाबली, पट्टा फिरला. सर्र सर्र, सर्र सर्र.

बदकीणकाकू म्हणाल्या, "चुकलं माझं, आजोबा."

आजोबांनी डुबीला विचारलं, "तिखट लागलं होय गं?"

"हो."

"मग आईला द्यायचं. परत नाही ठेवायचं."

"नाही ठेवणार," डुबी म्हणाली.

आणि आली की अंड्याची सुशी. पिवळी पिवळी, मऊ मऊ. आजोबांनी आपल्या शेजारी जागा केली. डुबी तिथे बसली. लाज अजून थोडी वाटत होती. पण घास गोड लागला.

बशी झाली रिकामी, गोष्ट झाली पुरी.