उन्हाचा तराजू

एका राज्यात समसेन नावाचा राजा होता. न्याय करावा तर त्यानेच, असे शेजारचे राजेही म्हणत. एकदा माळावरची माणसे दरबारात आली नि म्हणाली, "महाराज, सूर्य आम्हांला भाजतो." त्यांच्या मागोमाग तळ्याकाठचे कोळी आले. "आमच्या पाण्याला तो ऊबही देत नाही." राजाला हा अन्याय सोसवेना. त्याने वक्रनाथ जादूगाराला बोलावले. जादूगाराने किल्ल्याच्या गच्चीवर सोन्याचा तराजू टांगला. माळाचे नि तळ्याचे पारडे अगदी बरोबरीने थांबले, आणि तेव्हापासून माळ नि तळे सारखेच तापू लागले.

त्याच दिवशी वारा पडला.

खळ्यावर कुसुंबी नावाची, वाऱ्यावर धान्य उफणून भूस वेगळे काढणारी बाई तीन पायांच्या उंच तिवईवर उभी होती. उफणावे तर तिनेच! तिने भरले सूप उंच धरून ओतले, तर भूस नि दाणे एकाच जागी पडले. महिना गेला, तरी पान हलले नाही. लोक कोंड्यासकट ज्वारी दळू लागले आणि पोरांच्या घशात कुसळे अडकू लागली.

खळ्याच्या कडेने एक घार पायी चालली होती. कुसुंबीला ते पाहवेना.

"घारबाई, उडत का नाही?"

"कशावर उडू?" घार म्हणाली. "पूर्वी माळ जास्त तापे. तिथली हवा हलकी होऊन वर चढे आणि मला उचलून नेई. आता सगळी हवा सारखी. वर कोण चढणार, नि तिच्या जागी धावून कोण येणार?"

कुसुंबीने तडक किल्ला गाठला. वक्रनाथाने गच्चीवर राजासमक्ष तिला अडवले. "तराजू हलवायचा, तर तीन गोष्टी दाखव. चुकलीस तर दगड होशील." तिथे आधी चुकलेले सात जण दगड होऊन उभे होते. एकाच्या कानात अजून भिकबाळी होती.

"पंखांवाचून चढते ते दाखव."

कुसुंबीने मलमलीची पिशवी शेगडीवर उपडी धरली. आतली हवा तापली, पिशवी फुगली, आणि हात सोडताच कळसापर्यंत गेली.

"दिसत नाही, तरी रेटते ते दाखव."

तिने पेला पाण्याने काठोकाठ भरला, वर पान ठेवले आणि तो जादूगाराच्या डोक्यावरच उपडा केला. थेंबही सांडला नाही. "हवेचा दाब पान खालून रेटून धरतो, महाराज." राजा आसन सोडून वाकून पाहू लागला. काय बाई होती ती!

"आता पायांवाचून धावते ते दाखव."

कुसुंबीचे हात रिकामे राहिले. तिची पावले दगडाची होऊ लागली. तरी ती शांतपणे म्हणाली, "महाराज, त्यासाठी एक जागा तापलेली हवी नि एक गार. तसा फरक आपल्या राज्यात उरला नाही. पारडे झुकवा."

वक्रनाथ हसला. "ज्याच्या शब्दाने तराजू टांगला, त्यालाच तो झुकवता येईल. पण महाराज, मग आपल्याला न्यायी कोण म्हणेल?"

राजा थबकला. जन्मभर त्याने ते एकच नाव कमावले होते. दगड कुसुंबीच्या कमरेपर्यंत चढला.

"माझे राहू द्या," ती म्हणाली, "पोरांना गिळता येत नाही."

राजाला स्वतःची लाज वाटली. त्याने माळाच्या पारड्याला हात घालून ते खाली ओढले.

माळ तापला. त्यावरची हवा हलकी होऊन वर गेली, तिथला दाब उतरला, आणि तळ्यावरची गार, जड हवा ती जागा भरायला धावली. तळ्यावर लाटा उठल्या, पताका फडफडल्या. तराजू वितळला, वक्रनाथ तटावरून पाचोळ्यासारखा उडाला, आणि दगडांतली सात माणसे शिंकत बाहेर आली. कुसुंबी मात्र थांबली नाही. पाय मोकळे होताच ती खळ्याकडे पळाली.

शाप फिटला तो असा. संध्याकाळी राजा खळ्यावर आला आणि नेमका भलत्या बाजूला उभा राहिला. त्याच्या मिशा, मुकुट, सगळे भुसाने भरले.

तिवईवरून कुसुंबी ओरडली, "महाराज, तिकडून सरा! इकडे या नि सूप भरून द्या."

राजा सरला. त्याने सूप भरून तिच्या हाती दिले, आणि दाणे तिवईपाशी सरळ खाली पडू लागले.